पाय बरा झाला, मग दर 21 दिवसांनी इंजेक्शन कशाला?

प्रश्न: माझी मुलगी 11 वर्षांची आहे, आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. दिवाळीनंतर तिचा घसा धरला होता, मग दोन-तीन आठवड्यांनी ताप, गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा सुजला. र्‍हुमॅटिक फिवर निघाला, इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मायट्रल व्हॉल्व्हला (हृदयाच्या एका झडपेला) थोडं लीक आहे. आता ती मस्त पळते-खेळते, पण पेनिसिलिन चालूच आहे, इतकं दुखतं की तारीख जवळ आली की रडारड. सासूबाई म्हणतात बंद करा आता, सराफ्यात, इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, थंड खाऊ दिलं नाही की झालं. काय करू?

उत्तर: ताई, बंद करू नका. सासूबाईंना सांगा, सराफ्याच्या शिकंजीला उगाच दोष नको, घसा धरवणारा हा स्ट्रेप जंतू खोकल्यातून, शिंकेतून एकाकडून दुसर्‍याकडे जातो, दाटीच्या घरात नि वर्गात जास्तच. आता होतं काय, शरीर त्या जंतूशी लढायला अँटीबॉडीज तयार करतं, पण जंतूवरची प्रथिनं आणि आपल्या हृदयातली काही प्रथिनं सारखी दिसतात, म्हणून हल्ला स्वतःवरच होतो. सांधे सुजतात, पण ते पूर्ण बरे होतात, खूणही राहत नाही, आणि तिथेच घरच्यांची फसगत होते. डॉक्टर लोकांत जुनी म्हण आहे, हा ताप सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो.

व्हॉल्व्हचे पडदे सुजून नीट मिटत नाहीत, ते तुमच्या मुलीचं लीक. हे बरेचदा कमीही होतं, खरंच, पण पुन्हा घसा धरला नि पुन्हा ताप आला तर प्रत्येक झटक्यात पडदे अजून जाड होतात, कडेला चिकटतात, आणि पुढे कधीतरी विशी-तिशीत जिना चढताना धाप लागते, मग चिकटलेला व्हॉल्व्ह बलूनने (फुग्याने) उघडणं नाहीतर व्हॉल्व्ह बदलण्याचं ऑपरेशन. म्हणजे हे इंजेक्शन दुखर्‍या पायासाठी नव्हतंच, ते पुढचा घसा अडवायला आहे. 21 दिवसांनंतर त्याचा रक्तातला जोर उतरतो म्हणून लग्नाला गावी गेलो होतो, आठवडा पुढे ढकललं, असं नको. दुखणं कमी करायला सुन्न करायचं औषध मिसळून हळूहळू देता येतं, नर्सबाईंना स्पष्ट विचारा, लाजू नका.

किती वर्षं? हृदयाला धक्का लागलाय तर निदान 10, लीक राहिलं तर पंचविशीपर्यंत, कधी चाळिशीपर्यंतही, ते कार्डिओलॉजिस्ट इको बघून ठरवतील, सासूबाई नाही. मध्ये घसा दुखून ताप आला तर थांबू नका, लगेच दाखवा. दात काढायचा असला तर डेंटिस्टला आधी सांगा. आणि इकोच्या फाईली जपून ठेवा हं, पुढे तिच्या बाळंतपणात डॉक्टर पहिल्यांदा त्याच मागतील.