पायथनमध्ये जेसन (डेटा मजकूर म्हणून साठवायचं स्वरूप) वाचताना मधूनच एरर येतो. एक्सेप्टमध्ये रिकामी डिक्शनरी दिली तर चालेल का?

तुमची सेटिंग्जची फाइल एरवी नीट वाचली जाते, मधूनच 'एक्स्पेक्टिंग व्हॅल्यू: लाइन १ कॉलम १ (कॅर ०)' येतं आणि त्यावर एक्सेप्टमध्ये (एरर पकडणाऱ्या भागात) रिकामी डिक्शनरी परत द्यायचा विचार आहे. तसं करू नका. प्रोग्रॅम ती रिकामी डिक्शनरी घेऊन पुढे जाईल आणि पुढच्या सेव्हला तीच फाइलवर लिहील. हाताने दुरुस्त करता आला असता तो डेटाही गेला.

एरर वाचताना दिसतो, पण बिघाड बहुधा लिहिताना झालेला असतो. ओपनला 'डब्ल्यू' मोड दिला की जुना मजकूर त्याच क्षणी पुसला जातो. मग जेसन.डम्प तुकड्यातुकड्याने लिहितं. मध्येच डेटटाइम किंवा सेट असा जेसनमध्ये न बसणारा प्रकार आला की टाइपएरर, आणि फाइल अर्धवट. प्रोसेस मध्येच मारली गेली तर फाइल कोरीही राहू शकते.

नेमकं काय झालंय ते जेसनडीकोडएररच (वाचताना येणारा तोच एरर) सांगतो. त्याच्यावर पॉस (मजकुरात कितव्या अक्षराला अडलं), लाइननो, कॉलनो आणि मूळ मजकूर, म्हणजे डॉक, असतो. पॉस ० असेल तर फाइल कोरी आहे किंवा आत भलतंच काही आहे (एपीआयच्या बाबतीत बहुतेकदा एचटीएमएलचं एरर पान). पॉस शेवटाजवळ असेल तर लिखाण बहुधा अर्धवट तुटलंय. लॉगमध्ये पॉसच्या मागचीपुढची वीसेक अक्षरं रेपर() करून, म्हणजे न दिसणारी अक्षरंही दिसतील अशी, टाका; सुरुवात मात्र मॅक्स(०, पॉस - २०) अशी घ्या, नाहीतर उणे इंडेक्समुळे भलताच तुकडा किंवा काहीच हाती लागत नाही.

लिहिताना आधी जेसन.डम्प्सने पूर्ण स्ट्रिंग तयार करा. टाइपएरर यायचा तर इथेच येईल, फाइलला हात लागायच्या आत. मग त्याच फोल्डरमध्ये टेम्प फाइल उघडून तीत लिहा, फ्लश आणि ओएस.एफसिंक करा (म्हणजे मजकूर खरोखर डिस्कवर जातो), फाइल बंद करा आणि ओएस.रिप्लेसने मूळ नावावर आणा. फोल्डर तोच हवा; टेम्प फाइल दुसऱ्या फाइलसिस्टिमवर असेल तर रिप्लेस फसू शकतं.

वाचताना फाइलनॉटफाउंडएररला रिकामी डिक्शनरी ठीक आहे, ती पहिली वेळ असू शकते. जेसनडीकोडएरर आला तर फाइलचं नाव बदलून ती बाजूला ठेवा आणि तोच एरर पुन्हा रेझ करा. नुसतं 'एक्सेप्ट:' नको, त्यात कंट्रोल-सीसुद्धा अडकतं.

डेटटाइमसाठी 'डिफॉल्ट=एसटीआर' (न बसणाऱ्या प्रत्येक गोष्टीची स्ट्रिंग करा) सगळीकडे सुचवलेलं दिसेल. मला ते पटत नाही: सेट आला तरी त्याची गुपचूप स्ट्रिंग होते आणि वाचताना सेट परत मिळत नाही. स्वतःचं फंक्शन लिहा. डेटटाइम असेल तर आयसोफॉरमॅट() ने केलेली तारखेची स्ट्रिंग, बाकी सगळ्याला टाइपएरर. डिक्शनरीच्या कीजसाठी हे फंक्शन बोलावलंच जात नाही. टपल की दिली तर टाइपएरर येणारच, आणि १ ही की मुकाट्याने "१" स्ट्रिंग होते.

एनएएनवर ('संख्या नाही' असं सांगणारी फ्लोट किंमत) पायथन तक्रार करत नाही, जसंच्या तसं लिहितं, जावास्क्रिप्टचं जेसन.पार्स मात्र त्यावर अडतं. 'अलाउ_एनएएन=फॉल्स' दिलं की लिहितानाच व्हॅल्यूएरर मिळतो.

मराठी मजकूर वाचता येईल असा हवा असेल तर 'एन्शुअर_आस्की=फॉल्स', पण त्यासोबत ओपनला 'एन्कोडिंग=यूटीएफ-८' द्याच. विंडोजवर डिफॉल्ट सीपी१२५२ असेल तर देवनागरीच्या पहिल्याच अक्षराला युनिकोडएन्कोडएरर येतो. नोटपॅडमधून बीओएमसकट (फाइलच्या सुरुवातीची न दिसणारी खूण) सेव्ह झालेली फाइल 'यूटीएफ-८-सिग'ने वाचा.