‘प्रश्न उद्भवत नाही’

अनेक आशीर्वाद.

वसतिगृहातल्या भत्त्याबद्दलच्या प्रश्नाचा तुझा मसुदा मिळाला. पाच उपप्रश्न, पावणेदोन पानं आणि पहिल्याच ओळीत ‘अक्षम्य दुर्लक्ष’. वाचताना हसू आलं, कारण माझा पहिला मसुदा याहून लांब होता आणि त्यात ‘अक्षम्य’ दोनदा होतं. आमदारांनी सभागृहात विचारायचे प्रश्न लिहिण्याचं काम तू मागून घेतलंस हे मला आवडलं. फार थोडी मुलं मागतात. बहुतेकांना दौऱ्यात गाडीत बसायचं असतं.

लिहायला बसलीस की मंत्र्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणू नकोस. तुझा प्रश्न ज्याच्या टेबलावर जाणार आहे त्या मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याचा आण. उत्तर तो लिहितो, वर सह्या होत जातात आणि सभागृहात मंत्री वाचतात. हा माणूस लबाड असतोच असं नाही. त्याच्याकडे दिवस थोडे असतात, तीन जिल्ह्यांची माहिती आलेली नसते आणि आपल्या साहेबांना अडचणीत आणायचं नाही एवढं त्याला पक्कं कळतं. तुझ्या प्रश्नात तो पळवाट शोधतो आणि ती बहुतेक वेळा आपणच ठेवलेली असते.

मी कशी ठेवली होती ते सांगतो. एका योजनेतून घेतलेल्या रुग्णवाहिका चालक नसल्यामुळे उभ्या होत्या. मी स्वतः जाऊन पाहिल्या होत्या, एकीच्या बॉनेटवर कावळ्यांनी काटक्या आणून टाकल्या होत्या. परत येऊन तावातावाने लिहिलं: ‘सतरा रुग्णवाहिका जून महिन्यापासून विनावापर उभ्या आहेत, हे खरे आहे काय, असल्यास, त्यांच्या खरेदीवर किती खर्च झाला, विलंबास जबाबदार कोण, त्यांच्यावर कोणती कारवाई केली, नसल्यास, कारणे काय?’ छापील उत्तर आलं. एकच्या पुढे: ‘हे खरे नाही.’ दोन, तीन, चार आणि पाचच्या पुढे: ‘प्रश्न उद्भवत नाही.’

खोटं काहीच नव्हतं. सतरापैकी एक गाडी आदल्या आठवड्यात सुरू झाली होती. सोळा उभ्या होत्या, म्हणजे ‘सतरा’ खरे नाही. आणि पहिलं खरं नाही म्हटल्यावर बाकीचे प्रश्न उद्भवायचे कुठून? आमचे सदस्य मला एका शब्दाने बोलले नाहीत. उत्तराचा कागद माझ्यासमोर सरकवला आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. ‘हे खरे आहे काय’ या साच्यात फक्त सरकारच्याच कागदातलं वाक्य टाकायचं. शासन निर्णयाची तारीख, अर्थसंकल्पातली तरतूद, मंत्र्यांनीच मागच्या अधिवेशनात दिलेला आकडा. त्याला नाही म्हणता येत नाही. आपण जाऊन पाहिलेलं, लोकांनी सांगितलेलं, पेपरात आलेलं तिथे घालायचं नाही. ते सरळ माहिती म्हणून मागायचं: अमुक तारखेला एकूण वाहनं किती, चालू किती, बंद असलेलं प्रत्येक वाहन कोणत्या तारखेपासून आणि कशामुळे बंद, चालकांची मंजूर पदं किती, भरलेली किती. या वाक्यांना ‘हे खरे नाही’ हे उत्तरच लागू पडत नाही. सोळा असोत की सतरा, आकडा त्यांनाच लिहावा लागतो आणि त्यांनी लिहिला की तो त्यांचा होतो.

उत्तरातल्या शब्दांचीही ओळख करून घे. ‘अंशतः खरे आहे’ वाचून नवखी माणसं हिरमुसतात. मला तर ते सगळ्यांत आवडतं उत्तर. कोणता अंश खरा, एवढाच पुरवणी प्रश्न, म्हणजे उत्तरावरचा जोडप्रश्न, सभागृहात विचारायचा आणि खाली बसायचं. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असेल तर माहिती कोणत्या तारखेला मागवली ते विचारायचं. पुष्कळदा ती आपला प्रश्न पोचल्यावरच मागवलेली असते.

विशेषणांबद्दल एकदाच सांगतो. लोकसभेच्या नियमांत प्रश्नाला १५० शब्दांची मर्यादा आहे आणि त्यात युक्तिवाद, तर्क, उपरोध, विशेषणं, आरोप घालायला मनाई आहे. काल्पनिक परिस्थितीवर मत मागता येत नाही. सदस्यांना हा नियम जाचक वाटतो, मला तो आपल्या सोयीचा वाटतो. ‘अक्षम्य’ काढलं की त्या जागी एक तारीख बसते.

आता पैशांचं, कारण तुझ्या मसुद्यात खरी कच्ची जागा तीच आहे. तू विचारलं आहेस, ‘योजनेसाठी किती निधी आहे?’ यावर तुला तरतूद सांगितली जाईल, कारण आकड्यांमध्ये सगळ्यांत मोठा आकडा तोच असतो. तरतूद म्हणजे सभागृहाने दिलेली परवानगी. त्यानंतर सुधारित अंदाज येतो, तिथे तो आकडा बऱ्याचदा गुपचूप खाली उतरलेला असतो. मग वित्त विभागाकडून निधीचं वितरण आणि त्यानंतर खर्च. तरतूद, सुधारित अंदाज, वितरण, खर्च हे चार रकाने मागायचे, मागच्या तीन वर्षांचे, वर्षवार. नुसता तक्ता आला तरी अर्धी गोष्ट दिसते. तरतूद दरवर्षी वाढते आहे आणि खर्च जागच्या जागी आहे, असं दिसलं तर पुढचं भाषण तुला लिहावं लागत नाही.

‘खर्च’ या शब्दावरही लगेच विश्वास ठेवू नकोस. मार्चअखेर पैसे कोषागारातून निघून एखाद्या महामंडळाच्या खात्यात गेले की कागदोपत्री खर्च झाला. ते तिथे पडून व्याज खात असतील आणि ज्याच्यासाठी होते त्याला एक रुपयाही मिळालेला नसेल. म्हणून ३१ मार्चला अंमलबजावणी यंत्रणेच्या खात्यात शिल्लक किती होती ते विचार. उपयोगिता प्रमाणपत्रं, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच वापरल्याचे दाखले, किती रकमेची आली आणि किती रकमेची यायची आहेत, हेही विचार. हे दोन प्रश्न पहिल्यांदा विचारले तेव्हा एका अधिकाऱ्याने मला फोन करून ‘हे तुम्हाला कोणी सांगितलं?’ असं विचारलं होतं. कोणीच नव्हतं सांगितलं. महालेखापरीक्षकांचे जुने अहवाल वाचले होते, बस. ते वाच. कंटाळवाणे असतात, पण सरकारने स्वतःच्याच पैशाचं काय केलं ते इतक्या थंड सुरात दुसरीकडे कुठे वाचायला मिळत नाही. त्या अहवालांवर लोकलेखा समिती सचिवांना बोलावून साक्ष घेते. आपल्याकडे ही समिती १९२१ पासून आहे आणि संसदेत १९६७ पासून तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. समितीत आरडाओरडा नसतो, म्हणून बातमीही नसते.

प्रश्न आणि पैसा यांची गाठ फार जुनी आहे. ब्रिटिश संसदेत मंत्र्याला विचारलेल्या पहिल्या नोंदलेल्या प्रश्नाचं साल १७२१. साउथ सी कंपनीच्या शेअरचा फुगा फुटला होता, लोक बुडाले होते आणि कंपनीचा रोखपाल परदेशी पळाला होता. उमरावांच्या सभागृहात लॉर्ड काउपर यांनी एवढंच विचारलं, की तो ब्रुसेल्सला पकडला गेला अशी बातमी आहे, ती खरी का? म्हणजे आपलं ‘हे खरे आहे काय’ तीनशे वर्षांचं झालं!

त्याच लंडनची दुसरी गंमत म्हणजे तिथला पंतप्रधानांचा बुधवारचा अर्धा तास. कागदावरचा प्रश्न असतो, पंतप्रधानांचे आजचे कार्यक्रम काय? खरा वार पुरवणीत होतो. तू ते व्हिडिओ बघतेस असं लिहिलं आहेस. बघ, करमणूक म्हणून बघ. पण आकडे तिथून निघत नाहीत. ते अतारांकित प्रश्नांच्या लेखी उत्तरांतून निघतात. लोकसभेत दिवसाला २३० पर्यंत अतारांकित प्रश्न येतात आणि तोंडी उत्तराच्या यादीत फक्त वीस. त्या विसांतलेही मोजकेच तासाभरात पुकारले जातात. आपल्या सदस्यांना तारांकितच, म्हणजे तोंडी उत्तराचाच प्रश्न, हवा असतो, कारण त्यात उभं राहता येतं. त्यांना तो दे. स्वतःसाठी मात्र एक साधा अतारांकित आधीच्या अधिवेशनात टाकून ठेव, म्हणजे तारांकितात टाकायला सरकारचाच आकडा हाताशी असेल.

पुरवणी प्रश्न चिठ्ठीवर लिहून देताना पहिल्याच्या खाली जागा मोकळी सोडत जा. आमच्या काळी एक सदस्य होते, भला माणूस. मंत्र्यांनी चूक सरळ कबूल केली, ‘दोन महिन्यांत वसुली करतो’ म्हणाले. आणि हे उठून चिठ्ठीवरचा दुसरा प्रश्न वाचू लागले: ‘मंत्री महोदय चूक कबूल का करत नाहीत?’ सगळं सभागृह हसलं. चिठ्ठी मी लिहिली होती, तेव्हा हसण्यातला निम्मा वाटा माझा.

पहिल्या उत्तरावर समाधान मानायचं नसतं, याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण १९५७ सालचं आहे. आयुर्विमा महामंडळ तेव्हा जेमतेम वर्षाचं होतं. त्याने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले. लोकसभेत आधी साधे प्रश्न आले, जुजबी उत्तरं आली. मग १६ डिसेंबरला फिरोज गांधी खरेदीचा सगळा तपशील घेऊन उभे राहिले. चौकशीला न्यायमूर्ती छागला बसले, सुनावणी उघड झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी पायउतार झाले. फिरोज गांधी सत्ताधारी बाकांवरचे होते, वर पंतप्रधानांचे जावई. ‘आपल्याच सरकारला कसं विचारायचं’ असं तुझे आमदार कधी म्हणाले तर हे त्यांच्या कानावर घाल. हळूच घाल.

मला तुला ज्यांची गोष्ट सांगायची आहे ते मात्र सभागृहात कधीच दिसत नाहीत. २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले मध्यवर्ती कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलले. तिजोरीत मोठी शिल्लक होती म्हणून बाकीचे सदस्य अर्थमंत्र्यांचं अभिनंदन करत होते. गोखल्यांनी अभिनंदनात सामील व्हायला नकार दिला. देश दुष्काळातून जात असताना सरकारकडे एवढे पैसे उरतात, म्हणजे कर गरजेपेक्षा जास्त आहेत, हा त्यांचा मुद्दा. सदस्यांना तेव्हा अर्थसंकल्पावर मतदान करता येत नव्हतं. प्रश्न विचारायचा हक्क १८९२ च्या कायद्याने मिळाला होता, पण उत्तरावर पुरवणी विचारायची मुभा १९०९ पर्यंत नव्हती. हातात फक्त आकडे. आणि त्या आकड्यांमागे गणेश व्यंकटेश जोशी होते, पेशाने शिक्षक. सरकारी अहवाल उपसून त्यांनी तक्ते तयार करून दिले होते. पुढच्या वर्षी मिठावरचा कर कमी झाला. तो त्या एका भाषणानेच झाला असं मी म्हणणार नाही. पण गोखले सगळ्यांना माहीत आहेत आणि जोशी विचारले तर लोक दुसऱ्याच जोशींचं नाव सांगतात. तुझं काम जोशींचं आहे. ते झेपणार नसेल तर आत्ताच सांग, राग येणार नाही.

एक गोष्ट पत्रात लिहावी की नाही असा विचार करत होतो. लिहितोच. कधीतरी कोणीतरी टाइप केलेला, अगदी नीटनेटका प्रश्न घेऊन येईल. त्यात निविदेचा क्रमांक असेल, प्रतिस्पर्ध्याचं नाव असेल आणि ‘साहेबांची फक्त सही हवी’ असं म्हणेल. माहिती खरीही असेल. तरी तो प्रश्न त्या शब्दांत जाऊ द्यायचा नाही. १९५१ मध्ये अशा व्यवहारापायी एका संसद सदस्याला जावं लागलं आणि २००५ च्या डिसेंबरमध्ये प्रश्नांसाठी पैसे घेतल्याबद्दल अकरा खासदार एकदम बडतर्फ झाले. कागद ठेवून घे, माहिती दुसरीकडून पडताळ. जनहिताचं असेल तर आपल्या शब्दांत, आपल्या वेळेला विचार. आणणारा त्यानंतर पुन्हा आला नाही तर समज.

उत्तर आल्यावर फाइल बांधून ठेवू नकोस. ‘तपासून पाहू’, ‘विचाराधीन आहे’, ‘कारवाई करू’ हे शब्द सभागृहात उच्चारले की त्यांची आश्वासनं होतात. लोकसभेत त्यासाठी १९५३ पासून स्वतंत्र समिती आहे आणि आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. एक साधी वही कर. तारीख, मंत्र्यांचे नेमके शब्द, तीन महिन्यांनंतरची तारीख. माझ्या वहीत त्या तिसऱ्या रकान्यापुढची जागा बहुतेक रिकामीच असायची. पण पुढच्या अधिवेशनात त्याच वहीवरून प्रश्न निघायचे, आणि त्यांना मात्र कधी ‘हे खरे नाही’ आलं नाही.

तुझा मसुदा सोबत परत पाठवतो आहे. पेन्सिलीने केलंय, पटलं नाही ते खोडून टाक. ‘अक्षम्य दुर्लक्ष’ गेलं. ‘वसतिगृहातील विद्यार्थ्यांना भत्ता मिळत नाही, हे खरे आहे काय’ याच्या जागी शासन निर्णयाचा दिनांक आणि त्यातली भत्ता देण्याची मुदत घातली आहे. दिनांक मी मोकळा सोडलाय, तू मूळ निर्णय काढून भर, वर्तमानपत्रावरून भरू नकोस. दुसऱ्यात वसतिगृहनिहाय विद्यार्थी संख्या आणि प्रत्येक महिन्याचा भत्ता बँकेत जमा झाल्याचा दिनांक मागितला आहे. तिसऱ्यात ते चार रकाने. ‘जबाबदार कोण’ काढलं आहे, ते पुरवणीत येऊ दे. पाचवा उपप्रश्न चांगला आहे, पण तो दुसऱ्या खात्याचा. एकत्र राहिला तर दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवतील, म्हणून तो वेगळ्या कागदावर कर. दोन्ही प्रती घेऊन स्वतः जा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.