पाणी मुरवणारी बाग: लेकीला काय शिकवू?

प्रश्न: मुलीची दहावी झाली. २०२१च्या जुलैत चिपळूणच्या बाजारपेठेतलं आमचं दुकान पाण्याखाली गेलं, तेव्हा ती लहान होती. तेव्हापासून एकच घोकते, शहरातली मैदानं, बागा अशा आखायच्या की पाणी जमिनीत मुरेल. मला हे बागकाम वाटतं. मी म्हणतो, गणित सोड, बायोलॉजी घे. यात पोट भरेल का?

उत्तर: नमस्कार. पोट भरेल, पण गणित सोडू देऊ नका. बायोलॉजी हवीच असेल तर गणितासोबत घेऊ दे.

आणि तिला या मे महिन्यातच एक काम सांगा. परसात फूटभर खोल खड्डा खणायचा, पाण्याने भरायचा, काडीवर खूण करून तासाभरात पाणी किती उतरलं ते वहीत लिहायचं. मग असाच खड्डा पेव्हर ब्लॉकखाली, चार ब्लॉक उचलून. तिथे रोलरने दाबलेला मुरूम लागेल आणि पाणी बराच वेळ तसंच उभं दिसेल. जुलैत पुन्हा परसातला खड्डा बघायचा. तो आधीच पाण्याने भरलेला असण्याचीच शक्यता जास्त.

तिच्या कामाचा खरा पेच इथेच आहे. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ दाखवतात. कोकणातला जांभा दगड सच्छिद्र, त्यातून पाणी झरझर उतरतं, खालच्या चिकण थरावर अडतं आणि उताराने झऱ्यावाटे निघून जातं. किनाऱ्याजवळ उपसा वाढला की विहिरीचं पाणी मचूळ होतं. भर पावसात तर जमीन पोटभर प्यायलेली असते. वाशिष्ठी नदीचा २०२१चा तो पूर कुठल्याही बागेने अडला नसता, हे तिला आत्ताच सांगा. मुरवणं जितकं महत्त्वाचं तितकंच पाण्याला थांबायला जागा देणं. बँकॉकमध्ये २०१७ साली खुलं झालेलं चुलालाँगकॉर्न विद्यापीठाचं शताब्दी उद्यान तिला दाखवा. सगळी बागच एका अंगाला कलती केली आहे, पाणी उतरत उतरत खालच्या तळ्यात जातं. सुमारे ३८ लाख लिटर पाणी धरून ठेवता येतं, एरवी तिथे माणसं फिरतात. ते आखणारी कोचाकॉर्न वोराखोम ही लँडस्केप आर्किटेक्ट, म्हणजे बागा, मैदानं अशा मोकळ्या जागा आखणारी तज्ज्ञ आहे. म्हणूनच बागकाम हा शब्द या कामाला पुरत नाही.

आता वाटा. खड्ड्याशेजारी बसून ती मुलं कुठे खेळतील, बाक कुठे येईल याची चित्रं काढू लागली, तर आर्किटेक्चर: ‘नाटा’ ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा, पाच वर्षं बी.आर्क. ही पदवी, मग दोन वर्षं लँडस्केपमध्ये मास्टर्स. पुणे, अहमदाबाद, दिल्लीत होतं. वाट लांब आणि खर्चिक आहे, नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं पगारही बेताचा.

काडीवरच्या आकड्यांतच ती रमली, तर दापोली. कोकण कृषी विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयात चार वर्षांचं बी.टेक. आहे, प्रवेश सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेवर. मृद व जलसंधारण तिथे मुख्य विषयांपैकी एक. घराजवळ, आपल्याच मातीवर शिकायला मिळतं याचं मोल मला फार वाटतं. आपल्याकडचे पालक दापोली म्हटलं की आंबा-काजूच आठवतात, या शाखेची चौकशीच करत नाहीत, याचं वाईट वाटतं. जमिनीच्या पोटातलं पाणी शोधण्याचीच ओढ असेल तर भूगर्भशास्त्र, पुढे राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेत भूवैज्ञानिकाच्या जागा असतात.

‘पाणी मुरवणाऱ्या बागा आखणारा’ अशी सरकारी जाहिरात निघत नाही. काम मिळतं ते लँडस्केपच्या ऑफिसांत, सल्लागार कंपन्यांत, पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थांत. सुरुवातीला बहुधा पुण्या-मुंबईला जावं लागेल, त्याची मनाची तयारी तुम्हीही ठेवा.

अकरावीच्या फॉर्मवर विषय लिहिण्याआधी तो मेमधला खड्डा होऊन जाऊ दे. आणि जुलैतल्या खड्ड्याबद्दल तिने वहीत काय लिहिलं, ते मला नक्की कळवा.