टॅब राहू द्या, आधी कार्डाचं स्टेटमेंट काढा

इचलकरंजीच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 39, सूतगिरणीत सुपरवायझर, हातात महिन्याला 45 हजार येतात. लेक नववीत. 2021 मध्ये शाळा ऑनलाइन होती तेव्हा तिच्यासाठी सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए7 घेतला. आता तो अडकत चालतो, चार्जिंगही टिकत नाही. ते लिहितात: ‘पुढच्या वर्षी दहावी. 30 हजारांचा नवा टॅब क्रेडिट कार्डावर बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयने घेऊ का? जुन्याचे सात-आठ हजार येतीलच. कार्डावर 90 हजार बाकी आहेत, पण मिनिमम मी एकदाही चुकवलेलं नाही. तिच्या शिक्षणाची पॉलिसीही चालू आहे. मागचे दोन हप्ते कार्डानेच भरले, पॉइंट्सही मिळाले.’

नवा टॅब आत्ता घेऊ नका. आणि जुन्याचे सात-आठ हजार विसरा. पाच वर्षं वापरलेल्या, बॅटरी उतरलेल्या टॅबचे एक्स्चेंजमध्ये दोन-तीन हजार आले तरी पुष्कळ झाले.

आता ते मिनिमम, म्हणजे कार्डाच्या बिलातली दरमहा किमान भरावी लागणारी रक्कम. कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला 42 टक्के. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी. 90 हजारांवर दरमहा 3,150 व्याज आणि साडेपाचशेच्या वर कर, मिळून 3,700 धरा. तुम्ही मिनिमम म्हणून साधारण साडेचार हजार भरता. म्हणजे कर्ज महिन्याला फक्त 800 रुपयांनी उतरतं. व्याजाचे वर्षाला 44 हजार जातात, त्यात नवा टॅब येऊन वर 14 हजार उरले असते. मिनिमम वेळेवर भरल्याने लेट फी वाचते, व्याज वाचत नाही. शिवाय थकबाकी असताना त्या कार्डावर नेहमीसारखी काही खरेदी केलीत, तर तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. किराणासुद्धा.

नो-कॉस्ट हा शब्दही मला मान्य नाही. बँक व्याज घेतेच, दुकानदार तेवढी सूट देतो, आणि व्याजावरचा जीएसटी व प्रोसेसिंग फी तुमच्या गळ्यात पडते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. तुमच्या बाबतीत हा खर्च सहा-सातशेचा, फार नाही. पण 90 हजारांच्या डोक्यावर आणखी अडीच हजारांचा मासिक हप्ता चढेल, तो तुम्ही कुठून भरणार?

खरी चिंता पॉलिसीची आहे. तुम्ही पाठवलेल्या कागदावरून: फेब्रुवारी 2021 मध्ये सुरू, मुदत 15 वर्षं, वर्षाचा हप्ता 50 हजार, विमा रक्कम सात लाख, शेवटी ‘अंदाजे 11 लाख’. एजंटने ‘पैसे दीडपट’ असं सांगून विकली. साडेसात लाख भरून पंधरा वर्षांनी 11 लाख म्हणजे वर्षाला पाच टक्क्यांहूनही कमी. त्यातही बोनस धरलेला आहे, त्याची हमी नाही. हेच पैसे पीपीएफमध्ये 7.1 टक्क्यांनी साडेतेरा लाखांपर्यंत गेले असते. ‘टॅक्स वाचतो’ हेही सांगितलं होतं म्हणता. तुमच्या पगारावर नव्या करप्रणालीत कर शून्य आहे, वाचवायचं काय?

आणि तारीख बघा. पॉलिसी 2036 मध्ये पिकणार. लेक बारावी होणार 2029 मध्ये. तिच्या शिक्षणासाठी म्हणून घेतलेल्या पॉलिसीचे पैसे ती चोवीस-पंचवीस वर्षांची झाल्यावर हातात येतील. ही पॉलिसी तुम्हाला ‘शिक्षणासाठी’ विकणाऱ्याने तुमच्या मुलीचं वयसुद्धा विचारात घेतलेलं नाही. मला याचा मनापासून राग येतो.

विमाही नाममात्र आहे. उद्या तुम्हाला काही झालं तर घरच्यांना सात लाख आणि थोडा बोनस. तुमचा दीड वर्षाचासुद्धा पगार नाही.

मग सरेंडर करायची, म्हणजे मुदतीआधीच मोडायची का? तसं घाईने म्हणणार नाही. पाच हप्ते गेले, नुकसान बरंचसं आधीच होऊन गेलंय. सरेंडर केलीत तर भरलेल्या अडीच लाखांतले साधारण निम्मेच मिळतील. पेड-अप केलीत, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवलीत, तर 2036 मध्ये साडेतीन लाखांच्या आसपास मिळावेत. उरलेले दहा हप्ते पीपीएफमध्ये टाकले असं धरलं तरी एकूण बेरीज 11 लाखांच्याच जवळ जाते. त्यामुळे नुसता परतावा बघितला तर चालू ठेवणं आणि पेड-अप करणं सारखंच. पण तुमचा हप्ता तुमच्या पैशातून जातच नाही, तो 42 टक्क्यांच्या कर्जातून जातोय. म्हणून थांबवा.

क्रम मात्र चुकवू नका. आधी एक कोटीचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा निव्वळ विमा, 20 वर्षांसाठी. तंबाखू, सिगारेट नसेल तर वर्षाला साधारण 15 ते 18 हजार. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. फॉर्मवर काहीही लपवू नका, तंबाखू तर नाहीच नाही. ती पॉलिसी हातात आल्यावरच जुनीचा हप्ता थांबवायचा.

मग जुन्या पॉलिसीवर कर्ज काढा. सरेंडर मूल्याच्या 80-90 टक्क्यांपर्यंत मिळतं, व्याज नऊ-दहा टक्के. त्यातून कार्डाचे 90 हजार एकरकमी फेडा आणि हे नवं कर्ज फिटेपर्यंत कार्ड कपाटात ठेवा. आता मिनिममला जाणारे साडेचार हजार आणि हप्त्यातून टर्मचे पैसे वजा जाता सुटणारे महिन्याला 2,700, असे 7,200 या कर्जात भरलेत तर सव्वा वर्षाच्या आत मोकळे व्हाल. व्याज मात्र तुंबू देऊ नका, नाहीतर पेड-अप पॉलिसी कर्जातच बुडते. त्यानंतर तेच 7,200 2029 साठी बँकेच्या आवर्ती ठेवीत. मुलीसाठी आणखी एक चौकशी करा: आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना राज्य सरकारने 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे, प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला असेल तर. तुम्ही त्यात बसत असाल तर दाखले आत्तापासून जमवा.

आणि टॅब. ए7 ला 3 जीबी रॅम, 32 जीबी जागा. त्यातली बरीच अँड्रॉइडच खातं, उरलेली व्हॉट्सॅपचे व्हिडिओ आणि गेम खातात, मग तो रखडतो. हवं ते काढून घ्या, फॅक्टरी रीसेट करा, मेमरी कार्ड घाला, पुस्तकं आणि व्हिडिओ त्यावर ठेवा. बॅटरी बदलून घ्या, चांगल्या दुकानात दीड-दोन हजार लागतील. साडेदहा इंचांच्या जवळ जाणारा पडदा ई-बालभारतीची पुस्तकं वाचायला आणि यूट्यूबवर धडे बघायला आजही उत्तम आहे. क्लासचं अ‍ॅप चालत नसेल तर तेच क्रोममध्ये उघडतं का, क्लासवाल्यांना विचारा. हा टॅब अँड्रॉइड 12 वर थांबलाय, म्हणून सुरक्षेच्या दृष्टीने बँकेचं अ‍ॅप आणि यूपीआय त्यावर नको. एवढं करूनही दहावीत अडलंच तर नवा घ्या, पण रोख पैशाने, आणि 30 नव्हे, 15 हजारांच्या आतला.

सहावा हप्ता फेब्रुवारीत आहे. टर्मचा अर्ज या आठवड्यात भरा, मेडिकलला वेळ लागतो. विमा कंपनीच्या शाखेतून तीन आकडे लेखी मागा: आजचं सरेंडर मूल्य, पेड-अप मूल्य आणि किती कर्ज मिळेल. एजंटच्या तोंडी आकड्यावर काहीही ठरवू नका. माझ्या अंदाजापेक्षा ते आकडे फार वेगळे निघाले तर सही करण्याआधी मला पुन्हा लिहा.