बायकोची हरकत नाही, पण…

*ताई,*

*मी ३८ वर्षांचा, एका भारतीय विमान कंपनीत ए-३२० विमानावर कॅप्टन. चार वर्षांपूर्वी कमांड, म्हणजे कॅप्टनची जागा, मिळाली. घर पुण्यात सहकारनगरला, बेस, म्हणजे ड्यूटी जिथून सुरू होते ते शहर, दिल्ली. महिन्यातले आठ-नऊ दिवस घरी मिळतात. आखातातल्या एका मोठ्या कंपनीकडून ऑफर आली आहे. वाइड बॉडी, म्हणजे लांब पल्ल्याचं मोठं विमान, पण सुरुवात फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट म्हणून. हातात येणारा पगार आजच्यापेक्षा जास्त, राहायला घर, मुलीच्या शाळेची फी. मुलगी सातवीत आहे. आई-बाबा आमच्याबरोबरच राहतात. बाबा ७४ वर्षांचे, बायपास झालेले. त्यांचं सगळं माझी बायकोच बघते. तिचं स्वतःचं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. तिची हरकत नाही. थोरला भाऊ अमेरिकेत कायमचा. माझे बॅचमेट एकेक करून निघाले. गेलो तर आई-बाबांना टाकून गेल्यासारखं होईल, नाही गेलो तर पन्नाशीत पस्तावेन. रात्री झोप लागत नाही. महिन्याभरात उत्तर द्यायचं आहे. काय करू?*

*– एक वैमानिक, सहकारनगर*

कॅप्टन,

आधी झोपेचं बोलते, कारण ते थांबू शकत नाही. तुमच्या मागे दीड-दोनशे माणसं बसलेली असतात. रात्र डोळ्यांत काढून पहाटेची ड्यूटी असेल, तर थकलोय असं कळवा आणि उड्डाण घेऊ नका. रोस्टर बिघडेल, कुणी नाराज होईल, होऊ दे. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारा नियम जुलै २०२५ पासून लागू झाला, तो वैमानिकांनी वर्षानुवर्षं भांडून मिळवला आहे. त्या ४८ तासांत तुम्ही छताकडे बघत ऑफरचा हिशोब मांडत बसलात, तर ती विश्रांती कागदावरच राहिली. आठवड्याभरात झोप ताळ्यावर आली नाही तर डॉक्टरांकडे जा. लायसन्ससाठीच्या मेडिकल तपासणीच्या भीतीने लपवू नका.

आता पत्राकडे वळते. विमान, पगार, शाळा, बाबांचं दुखणं, भाऊ, बॅचमेट, सगळं त्यात आलंय. ऑफरबद्दल बायकोला काय वाटतं यासाठी मात्र तीन शब्द आहेत. ‘तिची हरकत नाही.’ मी तिथेच अडले.

आपल्या घरांत ‘हरकत नाही’ कधी म्हणतात, आठवून बघा. पाहुण्यांचा मुक्काम दोन दिवसांनी वाढला की म्हणतात. मनापासून हवं असलं की आपण ‘कधी निघायचं?’ असं विचारतो. तुमच्या बायकोने तसं विचारलं का?

मी हे इतक्या खात्रीने लिहितेय, कारण मी स्वतः तेच म्हणाले होते. १९८६ साली माझे यजमान मस्कतला निघाले, तेव्हा आम्ही शनिवार पेठेत सासू-सासऱ्यांबरोबर राहत होतो आणि मुलगी दोन वर्षांची होती. मी पोळ्या लाटत होते. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं आणि मी मागे न वळता म्हटलं, “माझी काही हरकत नाही.” नको म्हटलं असतं तर ‘हिच्यामुळे संधी गेली’ हे जन्मभर घरात राहिलं असतं, म्हणून तसं म्हटलं. त्यांनी ते होकार म्हणून घेतलं. सात वर्षं ते तिकडे होते.

दुसऱ्या वर्षी सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं. संमतीपत्रावर ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना होता. मी ‘सून’ लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “मुलगा नाही का?” “आहे, मस्कतला असतो,” म्हटलं आणि सही केली. शाईचं पेन होतं, माझा हात घामेजला होता, ‘सू’चा ऊकार पुसट झाला. शुक्रवारी शेजारच्या काकूंकडे यजमानांचा फोन आला, तेव्हा ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते.

त्या पैशांतून बिबवेवाडीचं घर झालं, मुलीचं शिक्षण झालं, हे मी नाकारत नाही. पण मला कुणी नीट बसवून विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, मलाही घेऊन चला. ते कुणाला सुचलंच नाही, मलासुद्धा.

तुमची गोष्ट वेगळी आहे. तुम्ही कुटुंब नेऊ शकता. शिवाय एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे. तुम्ही ‘पुणं सोडायचं की नाही’ असं विचारताय, पण पुणं तुम्ही दिल्ली बेस घेतलात तेव्हाच सोडलंय. महिन्याचे आठ-नऊ दिवस येणारा बाप तुमच्या मुलीला आजही पाहुण्यासारखाच भेटतो. तिघं तिकडे गेलात, तर लांबच्या फ्लाइट करून तुम्ही परत याल ते तिच्याच घरी. सुट्टीचा अख्खा दिवस प्रवासात जाणार नाही. म्हणजे मुलीच्या बाबतीत हे जाणं तुम्हाला जवळ आणणारंही ठरेल.

आई-बाबांचं उलट आहे. पुण्याहून दुबईला थेट विमान आहे, तीन-साडेतीन तासांत माणूस पोचतो, असं तुम्ही त्यांना सांगाल, आणि ते खरंच आहे. पण बाबांना दवाखान्यात न्यायची वेळ येईल तेव्हा तुम्ही न्यूझीलंडला नाही तर ब्राझीलला लेओव्हरवर, म्हणजे दोन फ्लाइटमधल्या मुक्कामावर, असू शकता. तेव्हा ते तीन तास कामाचे नाहीत. आणि बाबांच्या गोळ्यांच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या कोण भरतं, तपासणीला कोण नेतं, रात्री छातीत जड वाटलं तर ते कुणाला हाक मारतात? तुम्हीच लिहिलंय, बायकोच सगळं बघते. तेव्हा तुम्ही गेल्याने बाबांचा दिनक्रम फारसा बदलणार नाही. ती गेल्याने बदलेल. तुम्ही एकटे गेलात तर तो भार तिच्यावर राहील, आणि या वेळी तुम्ही दिल्लीतही नसाल. त्या ‘सून’च्या रकान्यात तुम्ही तिला उभं करताय.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. एकट्याने जाऊ नका, मग पॅकेज कितीही मोठं असो. जायचं तर तिघांनी जा, आणि आई-बाबांची व्यवस्था लागल्यावर जा. दिवसभराची विश्वासाची बाई, जवळचा डॉक्टर, कुलपाची दुसरी किल्ली असलेलं शेजारचं घर, आणि भावाकडून तोंडी नाही तर ठरलेला वाटा: वर्षातून एक महिना तो पुण्यात येऊन राहील आणि पैशांचा भाग उचलेल. हे तुमचं तुम्हीच भावाशी बोलायचं. जावांमध्ये तो फोन ढकलू नका.

यासाठी वेळ नाही असं म्हणू नका. वेळ नियमानेच दिलाय. २०१७ पासून नोकरी सोडताना कॅप्टनला एक वर्षाची नोटीस आहे, को-पायलटला सहा महिन्यांची, आणि त्याआधी सुटायचं तर कंपनीचं ना हरकत पत्र लागतं. बॅचमेटांपैकी कुणी ‘नोटीस कोण देतंय, सरळ निघ’ असं सांगत असेल तर ऐकू नका. २०२३ मध्ये अकासा एअरमधून ४० हून अधिक वैमानिक नोटीस न भरता गेले, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. नव्या कंपनीला तुमची नोटीस मान्य आहे हे लेखी घ्या, आणि ते वर्ष कारणी लावा.

त्या वर्षात पहिलं काम तुमच्या बायकोचं. आखातात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करायला तिथल्या आरोग्य खात्याचा परवाना लागतो. पदवीच्या कागदांची पडताळणी होते, परीक्षा असते. तुमच्या कागदांच्या आधी तिची फाइल हलू दे. तिला तिकडे रिकामं बसवून नेलंत, तर सहा महिन्यांत घरात जी शांतता येईल ती कुठल्याही पगाराने भरून निघत नाही. तिने ते क्लिनिक एकेक पेशंट जोडून उभं केलंय, तुम्ही एकेक तास जोडून कमांड मिळवलीत तसंच.

मुलीचं गणितही वर्षात बसतं. ती नववी सुरू व्हायच्या आधी तिथल्या शाळेत गेली तर ठीक. सीबीएसईची नोंदणी नववीत होते, दहावीच्या तोंडावर शाळा बदलणं फार जड जातं. तिलाही विचारा. सातवीतल्या मुलीला सगळं कळतं.

आता उजव्या सीटचं, म्हणजे फर्स्ट ऑफिसरच्या जागेचं. चार वर्षं तुम्ही डावीकडे बसताय. तिकडे ज्येष्ठतेच्या यादीत सगळ्यात खालून सुरुवात, आणि पुढची कमांड जागा निघतील तशी. निवृत्तीचं वय ६५ धरलं तर तुमच्या हातात २७ वर्षं आहेत, त्यातली काही उजवीकडे गेली म्हणून करिअर बुडत नाही. पण तुमच्याहून लहान कॅप्टन शेजारी बसून निर्णय घेतोय आणि तुम्ही चेकलिस्ट वाचताय, हे रोज पचेल का? याचं उत्तर तुमच्याशिवाय कुणाकडे नाही. पचत असेल तर तसं स्वतःशी कबूल करा, नसेल तर ती छोटी गोष्ट समजू नका.

आणि ओढ मोठ्या विमानाची असेल, तर ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ ही भीती डोक्यातून काढा. एअर इंडियाची ए-३५० ही वाइड बॉडी विमानं जानेवारी २०२४ पासून उडतायत. इंडिगोने एप्रिल २०२४ मध्ये ३० ए-३५० मागवली आणि पुढे तो आकडा ६० वर नेला. तुम्ही पन्नाशीचे व्हाल तोपर्यंत या देशात वाइड बॉडीच्या कॅप्टनांची गरज बरीच वाढलेली असेल.

नोकरीच्या भरवशाचं म्हणाल, तर इथली पक्की आणि तिकडची कच्ची असं काही नाही. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. २०२० मध्ये आखातातल्या मोठ्या कंपन्यांनीही वैमानिक घरी पाठवले. फरक एवढाच की इथे नोकरी गेली तर घर राहतं, शेजारी राहतात. तिकडे नोकरीबरोबर व्हिसा जातो, कंपनीने दिलेलं घर जातं, मुलीची शाळा अर्ध्यावर सुटते. मेडिकलमध्ये अनफिट झालात तरी हेच. म्हणून लॉस ऑफ लायसन्सचा, म्हणजे लायसन्स गेलं तर भरपाई देणारा, विमा कोण काढणार, किती रकमेचा, हे सही करण्याआधी विचारा. इथलं लायसन्स जिवंत ठेवा. २०२३ पासून ते दहा वर्षांसाठी मिळतं, पण मेडिकल वेळच्या वेळी करावंच लागतं. आणि सहकारनगरचं घर विकायचा विचारही नको, तिथे आई-बाबा आहेत.

‘टॅक्स नाही’ हे ऐकायला छान वाटतं. पण तिकडे पीएफ नाही. यूएईत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी, आणि मूळ पगार म्हणजे पूर्ण पॅकेज नव्हे. भारतात किती दिवस राहिलात आणि इथलं उत्पन्न किती, यावर इथला करही ठरतो. चांगल्या सीएसमोर तासभर बसा.

मुंबई बेस मागून पाहिलात का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. मुंबईहून ड्यूटी संपवून रात्रीपर्यंत घरी येता येतं. तुम्हाला नोकरी छळतेय की दिल्ली, हे मला कळलं नाही, आणि तुम्हालाही ते अजून कळलं नसावं असं वाटतं. आधी तो अर्ज टाका. तो फेटाळला गेला तर निदान एक दार नक्की बंद आहे हे कळेल.

आता बायकोला कसं विचारायचं ते सांगते. स्वयंपाकघराच्या दारातून नको. सुट्टीच्या दिवशी, आई-बाबा घरात नसताना, दोन तास मोकळे ठेवून बसा. पगाराचा आकडा काढू नका. “मी ‘तुझी हरकत नाही’ असं धरून चाललो होतो, मी नीट विचारलंच नाही. तुला काय हवंय?” इतकंच. ती आधी म्हणेल, “तूच ठरव.” ते उत्तर घेऊन उठू नका. बसून राहा. दुसरं उत्तर यायला वेळ लागतो, मध्ये चहा होईल, एखादा जुना राग बाहेर येईल. त्या रागाला उत्तर देऊ नका, तो ऐकून घ्या. तिने शेवटी ‘नको’ म्हटलं, तर ऑफर नाकारा आणि पुढे कधीही ‘तुझ्यामुळे’ हा शब्द काढू नका. ‘चल’ म्हटलं, तर पाच वर्षांची मुदत दोघांनी मिळून ठरवा आणि ती तारीख कॅलेंडरवर लिहा. आमची ‘दोन वर्षं’ न ठरवता सात झाली.

आणि बाबांना लवकर सांगा. अजून सांगितलेलं नाहीत, हे पत्रावरून दिसतंय. सकाळी तळजाईला फिरायला जात असतील तर पुढच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर जा, त्यांच्या चालीने चाला, आणि परतताना सांगा. सोसायटीतल्या कुणाकडून ते त्यांच्या कानावर जाता कामा नये.

– तुमची ताई