संत्रा बर्फीचं लेबल फाटतं कशानं?

प्रश्न : आईच्या संत्रा बर्फीच्या डब्यासाठी 5 × 7 इंचाचं लेबल मी इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं आणि ‘सेव्ह फॉर वेब’मधून जेपीजी काढली. मोबाइलवर झकास दिसते, पण महाल भागातले प्रेसवाले काका म्हणाले, “72 ची आहे, फाटेल.” मग फोटोशॉपमध्ये 300 टाकून दिली, तरी धूसरच म्हणतात. स्टॉलसाठी 10 × 4 फुटांचा फ्लेक्सही करायचा आहे. तोही 300 लाच काढू का?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, काका बरोबर आहेत. ‘फाटेल’ म्हणजे छापल्यावर कडा दातेरी आणि चित्र धूसर दिसेल. त्या वाटेनं काढलेली फाइल 72 चीच, म्हणजे इंचाला 72 पिक्सेलची (चित्राच्या बारीक ठिपक्यांची) निघते, म्हणून तुमच्या हातात आहेत फक्त 360 × 504 पिक्सेल. छपाईला लागतात 1500 × 2100. इंच गुणिले 300, एवढाच हिशोब. ‘रीसॅम्पल’ची (पिक्सेलची संख्या बदलण्याची) खूण काढून 300 टाकलंत, तर पिक्सेल तेवढेच राहतात आणि लेबल आगपेटीपेक्षाही लहान होतं. खूण ठेवून टाकलंत, तर फोटोशॉप वाढीव पिक्सेल अंदाजानं भरतं. काकांना दिसला तो धूसरपणा त्याचाच.

त्या जेपीजीचा नाद सोडा, इलस्ट्रेटरची मूळ एआय (.ai) फाइल उघडा. तिथून पीडीएफच काढा, चारही बाजूंनी 3 मिमी ब्लीड (कापण्यासाठी बाहेर सोडलेली जादा छपाई) ठेवून. अक्षरं व्हेक्टर, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांनी बनलेली राहतात, कितीही मोठी केली तरी फाटत नाहीत. जेपीजीच हवी असेल तर ‘एक्सपोर्ट’मध्ये 300 निवडा. मात्र आत लावलेला बर्फीचा फोटो व्हॉट्सअॅपवरून आकसून आलेला असेल, तर पीडीएफ काय करणार बिचारी! फोटोवर क्लिक करा, वरच्या कंट्रोल पट्टीत त्याचा पीपीआय (इंचाला किती पिक्सेल) दिसतो. तो 100-120 च असेल, तर मूळ फोटो मागवा, ‘डॉक्युमेंट’ म्हणून.

आणखी एक, न विचारलेलं. स्क्रीनवरचा झगझगीत संत्री रंग सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) थोडा मावळतो. नागपुरात संत्र्याचा रंग चुकला तर गिऱ्हाईक सोडत नाही, म्हणून हजार लेबलांआधी एक प्रूफ (नमुना छपाई) बघून घ्याच.

फ्लेक्सला 300 ची हौस नको. 36,000 × 14,400 पिक्सेलची फाइल उघडताना फ्लेक्सवाल्याचा कॉम्प्युटर कण्हेल. मारबतीच्या मिरवणुकीच्या वेळी चौकाचौकांत लागतात ते फ्लेक्स कोणी नाक लावून पाहत नाही. पंधरा-वीस फुटांवरून 72 भरपूर झाले, म्हणजे 8640 × 3456. फक्त स्टॉलच्या काउंटरला चिकटवायचा दरपत्रक-बोर्ड वेगळा काढा; तो लोक हातभरावरून वाचतात, तिथे 150 तरी ठेवा.