सगळ्यांना एकच वाक्य

प्रिय बाळ,

एचआयव्हीच्या तपासणीचं नाव काढलं की ओपीडीतल्या गरोदर बायका “मला कशाला? मी तसली नाही” म्हणतात, असं तू लिहिलंस. बाई गं, त्यांना राग सुईचा नसतो, संशयाचा असतो. ट्रकड्रायव्हरच्या बायकोला बसवून समजवायचं आणि मास्तरांच्या बायकोला सोडून द्यायचं, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलेय. तू माणूस बघून निवड करू नकोस. प्रत्येकीला म्हण, “इथे सगळ्यांचीच हिमोग्लोबिन, शुगरबरोबर एचआयव्हीची तपासणी करतो. तुमची करू ना?” आणि उत्तरासाठी थांब. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं समजून-उमजून दिलेली संमती लागते. सहीसाठी कागद पुढे सरकवला की झाली संमती, असं नाही. काही विचारलं तर सांग, की आईला लागण असेल आणि उपचार नसतील तर गरोदरपणात, बाळंतपणात आणि अंगावरच्या दुधातून शंभरातल्या 15 ते 45 बाळांना लागण होते. आईला गोळ्या आणि बाळाला औषध वेळेवर मिळालं तर पाचांपेक्षा कमी.

मला जास्त काळजी आपल्याच लोकांची वाटते. ऑपरेशनआधी न सांगता रक्त काढणं, केस पेपरवर लाल शाईची खूण, पॉझिटिव्ह पेशंट यादीत शेवटी. हे चूकच आहे. पण त्यामागे भीती आहे, म्हणून सिस्टरांवर चिडू नकोस. चहाच्या वेळी बोल. बाधित रक्ताची सुई टोचली तरी लागणीची शक्यता हजारात तीनच्या आसपास. प्रतिबंधक गोळ्या लगेच, फार तर 72 तासांच्या आत सुरू करायच्या आणि 28 दिवस घ्यायच्या. त्या गोळ्या कुठल्या कपाटात आहेत आणि रात्री किल्ली कुणाकडे असते, हे आजच विचारून घे. नुकतीच लागण झालेल्याचा रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, तेव्हा रक्त कुठल्याही पेशंटचं असो, हाताळताना आपल्या हातात ग्लोव्हज हवेतच.

आणि रिपोर्टचं. दारात सासूबाई उभ्या असतात, “काय आलं?” विचारतात. निगेटिव्ह असला की आपण हसून सांगून टाकतो. मग ज्या दिवशी गप्प राहशील, त्या दिवशी अख्ख्या बाकाला कळेल. म्हणून निगेटिव्ह असो वा पॉझिटिव्ह, रिपोर्ट बाईच्याच हाती, दार लावून, आणि सासूबाईंना दरवेळी तेच, “सगळे रिपोर्ट त्यांना समजावून सांगितलेत.”

तुझी,
ताई